सोन्याची पुतळी

भाची शिकायला वडोदऱ्यात माझ्याकडे राहिली त्याला तीन वर्षं होतील. सयाजीराव विद्यापीठात जाते, देवदर्शन चुकवत नाही, कंदमुळं खात नाही. परवा भांडी विसळता विसळता म्हणाली, "आत्या, मी मिस इंडियाच्या राज्य फेरीचा फॉर्म भरतेय." विचारत नव्हती, सांगत होती.

मी नको म्हटलं. कारणं माझ्याकडे तयारच होती. रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितलेत, त्यात शरीराचा मद आहेच. रूप हे नामकर्माचं फळ. जे मागच्या बांधलेल्या कर्मानं मिळालं, त्यात आपला या जन्मीचा पुरुषार्थ काय? त्यावर मुकुट कसला घालून घ्यायचा? मला वाटलं, बिनतोड आहे.

ती म्हणाली, "आठांत ज्ञान आणि तपही आहेत ना? मग पर्युषणात आठ उपवास करणाऱ्यांची मिरवणूक कशाला काढता? फोटो कशाला छापता?" मी गप्प बसले. त्या मिरवणुकीत मी स्वतः पुढे चालत होते.

मग तिनं खरं दुखणं काढलं. गेल्या वर्षी समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याला तिला मीच नेलं होतं. छातीवर नंबराचा बिल्ला, हातात माईक, समोर दीडदोनशे माणसं. नाव, शिक्षण, अपेक्षा. पुस्तिकेत उंची आणि वर्ण. खाली बसलेल्या बायका पुस्तिका उघडून फोटो आणि मुलगी ताडून बघत होत्या. "तिथं मला प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही, आत्या. फक्त बघितलं. यांच्यात निदान प्रश्न तरी विचारतात."

प्रश्न विचारतात हे खरं. 1992 मध्ये बँकॉकला मिस युनिव्हर्समध्ये आपल्या नागपूरच्या मधु सप्रेला विचारलं होतं, देशाची प्रमुख झालीस तर काय करशील? ती मुळात खेळाडू. तिनं सांगितलं, मोठं क्रीडांगण बांधीन. गरिबी एका दिवसात हटत नाही, असंही म्हणाली. तिसरी आली. त्या उत्तरानं मुकुट गेला असं लोक आजही म्हणतात. मला ते उत्तर प्रामाणिक वाटतं. पण तिथं प्रामाणिक उत्तर नको होतं, शोभेलसं हवं होतं. म्हणजे प्रश्नसुद्धा दागिन्यासारखाच, हे मी भाचीला सांगितलं. तिनं मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

मी शेवटचं अस्त्र काढलं, मल्लीची गोष्ट. आमच्या दिगंबर घरात मल्लिनाथ पुरुषच. इथं आल्यावर शेजारच्या श्वेतांबर बायकांकडून ऐकलं, की एकोणिसावे तीर्थंकर ही मिथिलेची राजकन्या होती. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजे मागणी घालायला आले. तिनं स्वतःसारखी हुबेहूब सोन्याची पोकळ पुतळी करवली होती. डोक्यावरच्या झाकणातून रोज आपल्या जेवणातला एक घास आत टाकायची. राजे पुतळीकडे बघत राहिले, तेव्हा तिनं झाकण काढलं. दुर्गंधीनं सगळ्यांनी नाकाला पदर लावले. या देहातही हेच आहे, ती म्हणाली. सहाही जण विरक्त झाले.

पाठशाळेत ही गोष्ट मी कितीदा मुलींना सांगितलीय, आरसा सोडा म्हणून! अशुची भावना समजावताना तर हमखास.

भाचीनं हात पुसले. "पण तिनं झाकण कुणासमोर काढलं? बघणाऱ्यांसमोर. मिथिलेतल्या मुलींना बोलावून नाही काढलं. आणि स्वतः उभी नाही राहिली, पुतळी ठेवली."

रात्री मला झोप लागली नाही. मला ही गोष्ट तोंडपाठ होती, पण मी ती कायम चुकीच्या बाजूला तोंड करून सांगत आले होते. आपल्याकडे रूपाचा तिटकारा कुठं आहे? बाहुबलींना आपण पहिले कामदेव म्हणतो. श्रवणबेळगोळला सत्तावन्न फुटांच्या त्या देहावर दुधाचे कलश ओततो, डोळे भरून बघतो. इथं वडोदऱ्यात पाहुणा आला की त्याला रविवर्म्याची चित्रं दाखवायला नेतो. पुरुषाचा देह वैराग्याचा आणि बाईचा मोहाचा, ही वाटणी कर्मग्रंथात नाही, आपल्या डोळ्यांत आहे.

तरीही स्पर्धा मला पटत नाही, हे इथं लिहून ठेवते. पन्नास पोरींना ओळीत उभं करून एकीला श्रेष्ठ म्हणायचं, म्हणजे उरलेल्या एकोणपन्नास जणींच्या मनात काहीतरी मोडायचं. ती हिंसा लहान असेल, पण हिंसाच. फक्त आता हे वाक्य बोलताना मला मेळावाही दिसतो.

समितीच्या बैठकीत मी म्हटलं, यंदाच्या फॉर्ममधून 'वर्ण' हा रकाना काढू या. आम्ही सात जणी होतो. दोघी हो म्हणाल्या. एकीनं विचारलं, "मग मुलाकडचे फोनवर तेच विचारणार ना, ताई? उत्तर कोण देणार?" विषय पुढच्या बैठकीवर गेला.

भाचीनं फॉर्म भरला. मी सही केली नाही, ती लागतही नव्हती. पण तिची निवड झालीच तर बाहेरगावी राहावं लागेल, म्हणून काल तिला म्हटलं, सूर्यास्ताच्या आत जेवण मिळेल का ते आधी विचारून घे. नाही म्हणाले तर दशम्या करून देईन, चार दिवस टिकतात.