सात बिया आणि एक चादर

चोरी कशाला म्हणायचे हे आपल्याला पुरते कळते, असे आम्ही साठी उलटेपर्यंत समजत होतो. गेल्या डिसेंबरात चिकमगळूरच्या घाटात नऊ वर्षांच्या नातवाने ती समजूत मोडली.

सोलापूरहून विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग असा रस्ता धरून आम्ही सहकुटुंब निघालो होतो. बाबाबुडन यांच्या दर्ग्यावर एकदा जायचे ही अब्बांची इच्छा, कॉफीचे मळे पाहायचे ही सुनेची. कडूर मागे पडले, उघडे माळ संपले आणि डोंगर सुरू झाला. सोलापूरच्या माणसाला एवढी सावली एकदम झेपत नाही. सिल्व्हर ओकची उंच झाडे, त्यांच्या खोडांवर चढलेले मिरीचे वेल आणि खाली कॉफीची खांद्याएवढी झुडपे. तोडणीचा हंगाम होता, फांद्या लाल फळांनी लगडलेल्या होत्या.

गाडीत मुलाने बाबांची गोष्ट सांगितली. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया आणल्या. लपवून आणल्या, कारण अरब व्यापारी रुजणारे बी बाहेर जाऊ देत नसत. उकडून किंवा भाजूनच विकत. कोणी म्हणते बिया दाढीत लपवल्या, कोणी म्हणते कमरेला बांधल्या. त्या या डोंगरात लावल्या आणि हिंदुस्थानात कॉफी आली. आख्यायिकाच ती; पण डोंगर त्यांचे नाव आजही लावतो.

नातवाने विचारले, "म्हणजे बाबांनी चोरी केली?"

सुनेने डोळे वटारले. अब्बा खिडकीबाहेर पाहत राहिले. उत्तर द्यायची पाळी आमच्यावर आली, आणि शिक्षकी पेशात आयुष्य गेलेले असल्याने आम्ही ते लांबलचक दिले. चोरीत मालकाची वस्तू कमी होते. सात बिया गेल्याने मोखाच्या गोदामात काय कमी झाले? धक्का लागला तो मक्त्याला. आणि तो मक्ता तरी येमेनचा कसा? हे झाड मूळचे हबशांच्या मुलुखातले, म्हणजे आजच्या इथियोपियातले. तांबडा समुद्र ओलांडून ते येमेनात आले, तिथल्या सूफींनी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहायला त्याचा काढा प्यायला. 1511 मध्ये मक्केत या पेयावर बंदी आली होती, ती टिकली नाही. ज्याने स्वतः दुसऱ्याकडून घेतले, त्याने दार लावून बसावे का? पाणी, चारा आणि आग यांत सर्वांचा वाटा आहे, ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी ती लावणाऱ्याची खैरात ठरते, हेही. मग बी याच हिशेबात बसते, असे आम्ही ठासून सांगितले. व्याख्यान संपले तेव्हा नातू झोपला होता.

दर्गा म्हणजे एक गुहा. दत्तात्रेयांचे पीठ म्हणून हिंदू येतात, बाबांची जागा म्हणून मुसलमान. अक्कलकोट आणि गाणगापूर उशाशी असलेल्या आम्हा सोलापूरकरांना दत्त आणि फकीर एकाच ठिकाणी भेटणे नवे नाही. गुहेच्या हक्काचा वाद मात्र वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. अब्बांनी फातिहा वाचली, आम्ही खाली उतरलो.

रात्री एका मळ्याशेजारच्या घरात मुक्काम केला. थंडी चांगलीच होती. पलंगावर जेकार्डच्या नक्षीची चादर होती, आणि घरमालकाने कौतुकाने सांगितले, खास सोलापुरी! अब्बांनी तिचा काठ चिमटीत धरला, उलटी करून पाहिली, हातावर तोलली. तीस वर्षे यंत्रमागावर काढलेली बोटे ती. मालक गेल्यावर म्हणाले, "ये अपनी नै." आणि शाल लपेटून बसून राहिले. चादर पांघरली नाही.

सोलापुरी चादरीला 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नकला थांबल्या नाहीत. अब्बांच्या ओळखीचे कितीतरी माग भंगारात गेले, माणसे रिक्षा चालवू लागली. अब्बांकडे पाहताना आमच्या ध्यानात आले की दुपारी आम्ही जे जे बोललो ते या चादरीलाही लागू पडते. कोणी नक्षी उचलली म्हणून आमच्या मागावरची नक्षी कमी झाली का? नाही. आणि ती तरी आमची एकट्याची कुठे? विणकर तेलंगणातून आले, जेकार्डचे यंत्र मूळ फ्रान्सचे. मग अब्बांना थंडीत बसवणारे दुःख कसले?

दुःख नावाचे, असे आम्ही बायकोला म्हणालो. बाबांनी आपली कॉफी मोखाची म्हणून विकली नाही. इथे मात्र दुसऱ्याचे विणकाम आमच्या गावाच्या नावावर खपते. ती म्हणाली, "आणि पोटाचं? मोखातल्या हमालांचं पोट नव्हतं?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. तिने पुढे डच लोकांची आठवण करून दिली. मलबारातून रोपे जावात नेली, आणि 1830 पासून तिथल्या शेतकऱ्याला सरकारसाठी सक्तीने कॉफी पिकवायला लावली. बी तेच, हात बदलले. 2019 मध्ये तर बाबाबुडनगिरीच्या कॉफीलाही मानांकन मिळाले. ज्याने कुंपणातून बी काढले, त्याच्याच नावाचे कुंपण. हसावे की बरे वाटावे कळेना. इथल्या छोट्या बागाईतदाराला ते कुंपण हवेच असणार, जसे अब्बांना हवे होते.

सकाळी सुनेला नातवाच्या खिशात फळे सापडली. लाल, पिकलेली, मोजून सात.

अब्बाच त्याला हाताला धरून मळ्याच्या मालकाकडे घेऊन गेले. मालक खळखळून हसला, सातच का, ओंजळभर घे म्हणाला. अब्बा म्हणाले, आता विचारून घेतल्या, आता ठेव. परतताना मळ्याच्या फाटकाशी आदल्या पाळीच्या तोडणीवाल्या बायका रांगेत उभ्या होत्या आणि पहारेकरी एकेकीची पिशवी उघडून पाहत होता. त्यांतली एक विजापूरकडची निघाली; आमची बायको तिच्याशी कानडीत बोलली. ती म्हणाली, रोजचेच आहे. आमच्या नातवाचे खिसे कोणी पाहिले नव्हते.

गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "दादा, मोखात बाबांनी विचारलं असतं तर त्यांनी दिल्या असत्या?"

सातांपैकी दोन बिया आमच्या अंगणातल्या कुंडीत उगवल्या. सोलापूरचा उन्हाळा त्यांना सोसायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. अब्बांनी कुंडीवर चार काठ्या रोवून जुनी चादर बांधली आहे. ही आपलीच, मागावरून स्वतः उतरवलेली.