हुकलेले सेकंद आणि कर्माचे फळ

मॅरेथॉनची पात्रता-वेळ काही सेकंदांनी हुकते तेव्हा धावणाऱ्याच्या हातून नेमके काय निसटते, हा प्रश्न क्रीडाशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचा आहे. बंगळुरूच्या इंदिरानगरातून पहाटे उलसूर तलावाच्या किंवा कब्बन पार्कच्या दिशेने धावणाऱ्यांत बॉस्टन मॅरेथॉनची आस धरलेले लोक असतात. मर्यादा तीन तासांची आणि घड्याळात ३:००:०८, एवढ्याने वर्षभराची मेहनत ‘अपात्र’ ठरते. ते आठ सेकंद खरे आहेत. पण ज्या रेषेपासून ते मोजले जातात, ती रेषा माणसांनी आखलेली आहे.

अंतरापासूनच पाहावे. ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आला. तेथे २६ मैलांवर ३८५ यार्ड धावून राजघराण्याच्या आसनासमोर शर्यत संपवली गेली. १९२१ मध्ये तेच अंतर प्रमाण ठरले. तीन तासांच्या वेगाने ते ३८५ यार्ड कापायला दीड मिनिट लागते. शिवाय मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून मोजणीत दर किलोमीटरला एक मीटर जादा धरतात. म्हणजे प्रमाणित मार्गावर सुमारे ४२ मीटर, त्याच वेगाने जवळजवळ ११ सेकंद, जास्त धावावे लागतात. आठ सेकंदांनी हुकलेला धावपटू अचूक ४२.१९५ किलोमीटरची रेषा मर्यादेच्या आतच ओलांडून गेलेला असू शकतो.

बॉस्टनची मर्यादा तर दरवर्षी सरकते. ठरलेल्या वेळेत धावलेले सगळे जागांत मावले नाहीत, तर जास्त वेगवान धावपटूंना आधी घेतात. २०२३ च्या शर्यतीसाठी अशी कपात झालीच नाही. २०२४ ला ठरलेल्या वेळेपेक्षा ५ मिनिटे २९ सेकंद आणि २०२५ ला ६ मिनिटे ५१ सेकंद लवकर पोहोचलेल्यांनाच प्रवेश मिळाला. पस्तिशीच्या आतल्या पुरुषाने २ तास ५७ मिनिटांत धावलेली मॅरेथॉन एका वर्षी पुरेशी ठरली, पुढच्या वर्षी नाही. पावले तीच, घाम तोच. बदलली ती अनोळखी अर्जदारांची संख्या.

मग हा निकाल कोणाचा? गीतेच्या अठराव्या अध्यायात या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. मॅरेथॉनला ही मांडणी नेमकी बसते. शरीर हे अधिष्ठान, धावणारा कर्ता, इंद्रिये करणे, सराव आणि प्रत्यक्ष धावणे या चेष्टा. पाचव्या कारणाचा अर्थ सर्व भाष्यकारांनी एकसारखा केलेला नाही. कोणी इंद्रियांच्या अधिष्ठात्री देवता म्हटले, कोणी प्रारब्ध. येथे एवढे पुरे की पहिल्या चारांत न बसणारे काहीतरी फळात नेहमी असते: त्या दिवसाचा दमटपणा, वळणावरची गर्दी, दुसऱ्यांचे अर्ज. यानंतर गीता म्हणते की जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. हे जिंकणाऱ्यालाही तितकेच लागू आहे, आणि ही बाजू सहसा विसरली जाते. आठ सेकंद आधी पोहोचलेल्याचे सगळे यश त्याचे एकट्याचे नसते.

निष्काम कर्माचा उपदेश हुकल्यानंतरच्या सांत्वनासाठी वापरला जातो, तेव्हा त्याचा विपर्यास होतो. ‘फळाची आशा नव्हतीच’ असे शर्यतीनंतर म्हणणे म्हणजे पराभवावर पांघरूण घालणे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मत्यागाला नव्हे, तर फलाशा सोडून केलेल्या कर्माला प्राधान्य दिले. तीन तासांचे लक्ष्य ठेवल्याशिवाय कोणत्या वेगाने धावायचे हेच ठरत नाही. म्हणून लक्ष्य हवे. सुटायला हवा तो फळावरचा हक्क. स्टोइक विचारात धनुर्धाऱ्याचे उदाहरण येते, ते रोमन विचारवंत सिसेरोने नोंदवले आहे: नेम धरून सर्व काही नीट करणे एवढेच त्याचे साध्य, बाण लागणे नव्हे. दोन्ही परंपरा येथे बऱ्याच जवळ येतात. मात्र या भूमिकेमुळे जबाबदारी सुटत नाही. पहिले दहा किलोमीटर उतावीळपणे धावून शेवटी पाय गळाले असतील, तर तो दोष चेष्टेचा आहे. त्याला दैव म्हणणे अप्रामाणिक ठरेल.

थोडक्यात हुकणे जास्त का सलते, याचाही विचार झाला आहे. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी दाखवले की विमान पाच मिनिटांनी चुकलेला प्रवासी अर्ध्या तासाने चुकलेल्यापेक्षा अधिक हळहळेल असेच लोकांना वाटते, कारण ‘असे झाले असते तर’ ही कल्पना जवळच्या चुकीला सहज चिकटते. फळ दोघांचे सारखेच. ही हळहळ दाबावी असे गीतेचे म्हणणे नाही. तिने बुद्धीचा तोल जाऊ नये, एवढी अपेक्षा आहे. कोणत्या किलोमीटरला वेग पडला हे तपासणे म्हणजे विचार. त्याच आठ सेकंदांभोवती महिनोन्महिने फिरत राहणे म्हणजे आसक्ती.

या समत्वाला एक मर्यादा आहे आणि ती ठामपणे सांगायला हवी. वेळेची रेषा मनमानी असली तरी तिचे नियम सर्वांना आधी ठाऊक असतात आणि ती प्रयत्नाने ओलांडता येते. जन्मावरून आखलेली रेषा तशी नसते. चोखोबांना पंढरीच्या मंदिराबाहेर ठेवले गेले आणि त्यांची समाधीही महाद्वाराबाहेरच आहे. त्याच मंदिराची दारे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींनी १९४७ मध्ये उपोषण केले. बॉस्टननेही १९६६ मध्ये बॉबी गिब यांचा अर्ज बाईमाणूस म्हणून नाकारला होता. त्या बिब नंबरशिवाय पूर्ण अंतर धावल्या. अशा वगळणुकीपुढे समत्व बाळगायचे नसते, ती रेषा पुसायची असते. बॉस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला.