मय्यतीची हुर्मत आणि भाजलेले मूल

स्टोव्हचा भडका होतो, नाहीतर उकळत्या पाण्याचे पातेले कलंडते. मूल खोल भाजले की कातडीचा पूर्ण थर जातो आणि तो आपोआप परत येत नाही. जखम कडेने आवळत भरते. हनुवटी छातीला चिकटते, कोपर सरळ होत नाही, बोटे एकमेकांना जुळून जातात. मूल वाढते, पण व्रण तेवढा वाढत नाही; म्हणून काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया. पहिलीच्या वर्गात आम्ही आधी अलिफ काढायला शिकवतो, म्हणजे एक उभी रेघ. जुळलेल्या बोटांना तीही जड जाते.

अशा शस्त्रक्रियेवर आपल्या समाजात फारसा वाद नाही. लढाईत नाक गमावलेल्या अर्फजा या सहाबींना पैगंबरांनी (स.) सोन्याचे नाक बसवायला सांगितले होते, हे आपले मौलवीच सांगतात. वाद सुरू होतो तो त्वचा देण्याच्या वेळी.

एरवी मुलाच्याच मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. पण निम्मे अंग भाजले असेल तर ती काढणार कुठून? मग मृताची त्वचा लावतात. काही आठवड्यांत शरीर ती नाकारते, पण तोवर अंगातले पाणी टिकते, जंतू आत शिरत नाहीत. रक्तगट जुळावा लागत नाही. मुंबईत शीवच्या रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ येथून पातळ थर काढतात आणि पट्ट्या बांधून देह परत देतात.

मय्यतीची हुर्मत भंगते, हा आक्षेप मी हलका मानत नाही. गुस्ल देताना पाणी कोमट आहे ना, हे आपण हाताने पाहतो. जेद्दाहच्या फिकह अकादमीने १९८८ साली अटींसह अवयवदानाला मुभा दिली. आपल्याकडच्या अनेक उलेमांना ती मान्य नाही.

पण रुग्णालयात आपण नाकारत नाही ती त्वचाही कुणाच्या तरी मय्यतीचीच असते. त्या घरालाही आपला माणूस प्यारा असतो. घेताना जायज आणि देताना नाजायज, हे मला पटत नाही. देणे वर्ज्यच मानायचे तर घेणेही सोडावे लागेल, आणि भाजलेल्या मुलाच्या आईला ते सांगायला मी जाणार नाही.

संमती वारसांची लागते. मय्यत घरात असताना हे कुणाला सुचणार? म्हणून मी थोरल्या भावाला आताच सांगून ठेवले आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही.