कृदन्ताचा धनी

इंग्रजी वाक्याच्या आरंभी येणारे कृदन्त विशेषण स्वभावतःच पराश्रित असते. क्रिया त्याच्या ठायी असते, कर्ता नसतो, आणि म्हणून ते मुख्य वाक्याच्या कर्त्याला जाऊन बिलगते. ‘वॉकिंग इन द गार्डन, शी सॉ अ स्नेक’ या वाक्यात बागेत फिरणारी तीच आणि साप पाहणारीही तीच, हे वाचक निःशंकपणे धरून चालतो; पण उत्तरार्धी ‘अ स्नेक बिट हर’ असे घातले की व्याकरणाच्या हिशेबी बागेत फिरायला निघालेला सापच ठरतो.

हा निर्बंध इंग्रजांनीच घातला असे मात्र नव्हे. ‘करून’, ‘जाऊन’ या अर्थाच्या संस्कृत अव्ययांसाठी दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असावा, अशी अट पाणिनीने अष्टाध्यायीत घातली आहे. कर्ता भिन्न असेल तेथे सति सप्तमीची सोय आहे. इंग्रजीतही ‘द सन हॅविंग सेट, दे रिटर्न्ड’ अशा रचनेत कृदन्त आपला कर्ता बरोबरच घेऊन येते.

येथवर प्रश्न व्याकरणाचा. परंतु प्रत्येक क्रियेला एक स्वतंत्र कर्ता असतोच काय, असे विचारताच तो तत्त्वज्ञानाचा होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मे प्रकृतीच्या गुणांकडून घडतात व अहंकाराने मोहित झालेला जीव स्वतःला कर्ता समजतो, असा विचार आहे; अठराव्यात अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगून कर्त्याला पाचांतील एक एवढेच स्थान दिले आहे. मग कर्तृहीन कृदन्त लिहिणारा लेखक नकळत गीतेचाच अनुयायी ठरतो, असे म्हणावे काय?

उत्तरासाठी कचेरीतला एखादा हुकूम पाहावा. ‘हॅविंग कन्सिडर्ड द ॲप्लिकेशन, इट इज रिजेक्टेड’, असा जबाब अर्जदाराच्या हाती पडतो. विचार कोणी केला? वाक्यरचनेप्रमाणे अर्जानेच अर्जाचा विचार केला आणि तोच फेटाळला गेला; ज्या अंमलदाराने खरोखर निर्णय दिला, तो दोन्ही क्रियांतून सहीसलामत निसटला. निरहंकारी पुरुष कर्माचा अभिमान सोडतो, परंतु कर्माचे उत्तरदायित्व झटकत नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनाला युद्ध करावेच लागले. येथे अंमलदाराचा अधिकार शाबूत आहे, गळाली आहे ती केवळ जबाबदारी.

पाणिनीने कर्त्याचे लक्षण ‘स्वतंत्र’ असे केले, तरी कोणाला स्वतंत्र मानायचे हे वैयाकरणांनी वक्त्याच्या विवक्षेवर सोपवले. म्हणून स्वयंपाकी शिजवतो तसे हंडी शिजवते असेही म्हणता येते. परमार्थतः कर्ता कोण, हा वाद दर्शनकारांनी खुशाल चालवावा. वाक्यातला कर्ता मात्र लिहिणाराच नेमतो, आणि ज्याची नेमणूक त्याच्यावरच तिचा जाब. तेव्हा इंग्रजी लिहिताना आरंभीचे कृदन्त संपून स्वल्पविराम पडला की ‘कोण?’ असे स्वतःला विचारावे, आणि उत्तरादाखल जे नाव येईल तेच पुढे मांडावे. ते मांडण्याची हिंमत होत नसेल, तर दोष व्याकरणाच्या अज्ञानाचा नाही, नीतीचा आहे.