लोन फरचा मोकळा कोपरा

अमेरिकेतील ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पूर्व भागात, लोन फर नावाची जुनी दफनभूमी आहे. पहिल्या वसाहतवाल्यांची म्हणून ती ओळखली जाते. शहराच्या संस्थापकांपैकी एक, एसा लव्हजॉय, इथेच आहे. पाहायला येणारे अशाच नावांच्या शिळा शोधतात. ही जागा समजून घ्यायची तर आधी जमिनीचे दोन व्यवहार समजून घ्यावे लागतात, असे माझे मत आहे.

पहिला 1854 मधला. जेम्स स्टीफन्सने 1846 मध्ये आपल्या वडिलांना शेतातच पुरले होते. ते शेत विकताना थडग्याची निगा राखण्याचे वचन त्याने घेणाऱ्याकडून घेतले. पुढे आजूबाजूला आणखी दफने झाली आणि शेताची दफनभूमी झाली. त्यामागे मुलाची माया होतीच, पण निव्वळ मायेने थडगे टिकत नाही. जमीन त्याच्या नावावर होती, म्हणून त्याला अट घालता आली. आणि ओरेगनात जमीन कोणाच्या नावावर व्हायची, हे 1850 च्या कायद्याने ठरवले होते: गोऱ्या वसाहतवाल्याला 320 एकर, विवाहित असेल तर पत्नीच्या नावे आणखी 320. ज्या मूळ जमातींची ही भूमी, त्यांच्याशी करार होण्याआधीच तिची वाटणी सुरू झाली होती.

दुसरा व्यवहार दीडशे वर्षांनंतरचा. नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या 'ब्लॉक 14' मध्ये चिनी कामगारांना पुरत असत. काही वर्षांनी अस्थी उकरून, स्वच्छ करून मायदेशी पाठवायची त्यांची रीत होती. 1940 च्या दशकाअखेर बऱ्याच अस्थी अशा हलवल्या गेल्या. कोपरा रिकामा झाला असे धरून काउंटी प्रशासनाने 1950 च्या दशकात तिथे कार्यालयाची इमारत उठवली. पुढे 2004 च्या सुमारास ती जागा विकायचे घाटत होते. शेजारचे रहिवासी आणि चिनी समाज आडवे आले, जमीन तपासली गेली आणि माणसांचे अवशेष तिथेच सापडले. 2007 मध्ये इमारत पाडली.

कोपरा रिकामा धरला गेला, याला गफलत म्हणणे मला पटत नाही. राज्याच्या घटनेनुसार, ती स्वीकारली गेल्यानंतर आलेल्या चिनी माणसाला ओरेगनात जमीन घेता येत नव्हती. ते कलम 1946 मध्ये रद्द झाले. स्टीफन्ससारखी अट घालायला त्यांच्या हाती काही ठेवलेच नव्हते. ज्यांना जिवंतपणी जमीन नाकारली, त्यांच्या दफनाची जागा पुढे सरकारला मोकळा भूखंड वाटली, यात नवल ते काय?

याच दफनभूमीत डॉ. हॉथॉर्न यांनी आपल्या मनोरुग्णालयातल्या शंभराहून अधिक बेवारस रुग्णांना स्वखर्चाने पुरले. एका माणसाच्या सद्भावनेने त्यांना माती मिळाली, शिळा मात्र मिळाली नाही. लोन फरमध्ये अशी बिनखुणेची सुमारे दहा हजार दफने आहेत.

2019 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या निधीतून ब्लॉक 14 वर स्मारकासाठी 40 लाख डॉलर ठेवले गेले. हा उपकार नव्हे, थकलेले देणे आहे. दफनाच्या नोंदींत जेवढी नावे सापडतील तेवढी दगडावर कोरली गेली, तरच ते फिटू लागेल. पोर्टलंडला कधी गेलात, तर लव्हजॉयच्या शिळेआधी त्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जा.