परदेशी, पण कुणाच्या सोबतीने?

सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याला घर सोडून कामाला जाणे नवे नाही. सोयाबीन निघाले की हिंगोली-सेनगाव भागातली कितीतरी माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टोळीच्या टोळी हलते. ते जाणे कष्टाचे आणि अनेकदा कर्जाचे, पण तापाने फणफणलेल्या बाईच्या पोराला शेजारच्या कोपीतून भाकरी मिळते. आषाढीची दिंडीही अशीच घोळक्याने चालते. आमच्याकडे माणूस गाव सोडतो तो माणसांसकट.

आता याच भागातल्या मुलांसमोर एक वेगळी वाट आहे: लॅपटॉप घेऊन एकट्याने परदेशात राहायचे, काम तिसऱ्याच देशातल्या कंपनीचे करायचे. एस्टोनियाने 2020 मध्ये अशा ‘डिजिटल नोमॅड’साठी व्हिसा काढला, पोर्तुगालने 2022 मध्ये. थायलंडने 2024 मध्ये 5 वर्षांचा व्हिसा दिला. एका वेळी 180 दिवस राहता येते, खात्यात 5 लाख बाट दाखवावे लागतात. सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घरातल्या मुलाला ही रक्कम आधी साठवावी लागेल, हे खरेच. तरी दार उघडले आहे आणि ते उघडले याचा मला आनंद आहे.

मला काळजी वाटते ती ‘एकट्याने’ या भागाची. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे 9 वाजतात तेव्हा बँकॉकमध्ये रात्रीचे 8 झालेले असतात. अमेरिकेचे काम धरले तर शेजारीपाजारी जेवून झोपायला निघतात तेव्हा याचा दिवस सुरू होतो. ना भाजीवालीशी ओळख, ना घरमालकाशी गप्पा. भाडे तिथले, पगार तिसरीकडचा, मन साखऱ्यात. प्रॉव्हिडंट फंड नाही, आजारपणाची हक्काची रजा नाही. भारतात वर्षाला 182 दिवस राहिले की कराच्या हिशेबात आपण इथले रहिवासी ठरतो, हेही अनेकांना उशिरा कळते.

आपल्याच जिल्ह्यातल्या नर्सीचे नाव नामदेवांशी जोडलेले आहे. ते पंजाबात गेले, गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला राहिले, तिथल्या लोकांना उमजेल अशा बोलीत गायले. त्यांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. 2015 मध्ये 88वे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, ते त्या नात्यामुळेच. परक्या मुलुखात वस्ती कशी करावी, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. मुक्काम केला, बोली आपली मानली, म्हणून त्या मातीने त्यांना ठेवून घेतले.

गोव्याचे धर्मानंद कोसंबी 1899 मध्ये बुद्धाच्या ओढीने घराबाहेर पडले. नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले, श्रीलंकेत पाली शिकले, पुढे हार्वर्डला गेले. त्यांच्या विद्येपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या काळात त्यांच्या पत्नी बाळाबाई तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिल्या होत्या. एकाच्या भटकंतीचा भार घरातले दुसरे कुणीतरी उचलते, आणि त्या माणसाची नोंद प्रवासवर्णनात क्वचितच सापडते. आज साखऱ्याच्या मुलाने बँकॉक गाठले, तर हळद काढणीला घरी कोण उभे राहील, आईला रात्री छातीत कळ आली तर हिंगोलीच्या दवाखान्यात कोण नेईल? बहुधा बहीण, नाहीतर थोरल्या भावाची बायको. तिला विचारून निघणे हे मी उपकार नव्हे, कर्तव्य मानतो.

ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे, मुलींनी तर आधी जावे. पण दर महिन्याला देश बदलू नका. एका गावात निदान वर्षभर राहा, तिथली भाषा रोज थोडी शिका, आठवड्यातला एक दिवस तिथल्या माणसांसाठी ठेवा. आणि आई-वडिलांच्या आजारपणात कोण धावेल, त्याला पैसे कुठून मिळतील, हे तिकीट काढण्यापूर्वी घरात बसून ठरवा.