शिंगे वजा केली तर...

संसाराची पंचवीस-तीस वर्षे पार पडल्यावर पती-पत्नींनी मिळून एखादा मोठा प्रवास करावा, ही इच्छा आता आपल्या कुटुंबांतही नवलाची राहिलेली नाही. कोणी पवित्र भूमीची यात्रा करतात, कोणी रोम आणि लूर्द पाहून येतात, कोणी नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे जातात. परक्या देशात घर झाले की तेथील छंदही हळूहळू घरात येतात. अशाच एका छंदाविषयी येथे विचार करावयाचा आहे. तो म्हणजे रीतसर पैसे मोजून, माहीतगार वाटाड्या सोबत घेऊन, न्यूझीलंड किंवा स्कॉटलंडच्या डोंगरात तांबड्या हरणाची शिकार करावयास जाणे. माजलगावच्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. परंतु त्याच्या पोटात दडलेला प्रश्न आपल्या दाराशीच उभा आहे. गरज नसताना, केवळ आनंदासाठी प्राण घेणे माणसाला शोभते काय?

प्रथम या सहलीचे स्वरूप समजून घेऊ. हे हरीण आपल्या चितळाहून बरेच मोठे असते. काश्मीरच्या दाचीगाम राष्ट्रीय उद्यानात तग धरून राहिलेला हंगूल हा त्याचाच भाऊबंद. नराच्या डोक्यावरील फाटे फुटलेली शिंगे दरवर्षी गळतात आणि पुन्हा उगवतात. माजाच्या दिवसांत, म्हणजे न्यूझीलंडमध्ये मार्च-एप्रिलच्या व स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, नर मोठमोठ्याने हंबरतात आणि त्या आवाजाच्या मागावर शिकारी जातात. जनावर हेरणे, वाऱ्याची दिशा पाहणे, पाहुण्याला नेमके टप्प्यात आणून बसविणे ही सारी कामे वाटाड्या करतो. पाहुण्याने नेम धरून चाप ओढावयाचा. मग मृत जनावराशेजारी छायाचित्र घ्यावयाचे आणि मुंडके पेंढा भरून घरी पाठवावयाचे. अनेक ठिकाणी शुल्क ठरते ते शिंगांच्या मापावर. जितकी शिंगे मोठी, तितका मृत्यू महाग.

हा व्यापार आपल्याला अपरिचित नाही. एके काळी परदेशी पाहुणे अशाच हौसेने आपल्याकडे येत असत. नागपूरसारख्या शहरांतून शिकारीच्या कंपन्या चालत आणि मध्य भारताच्या जंगलात त्यांच्यासाठी वाघाची सोय केली जाई. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते काळविटांवर सोडण्याचा खेळ प्रसिद्ध होता. हिंदुस्थानातील चित्ते संपत आले, तेव्हा त्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. १९५२ साली चित्ता आपल्या देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीने तो अधिक कडक झाला आणि हौसेच्या शिकारीचे दार बंद झाले. कोल्हापूरकरांचे दाजीपूरचे शिकारीचे रान अभयारण्य झाले. आपल्या बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी अभयारण्य आहे. आपण बरेच गमावून हे शहाणपण मिळविले आहे. जे आपल्या अंगणात निषिद्ध ठरविले, ते दुसऱ्याच्या अंगणात विकत घ्यावे काय?

यावर शिकारीचे समर्थक जी उत्तरे देतात, ती उथळ नाहीत. ते म्हणतात, न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज वसाहतवाल्यांनी ही हरणे तेथे नेऊन सोडली. त्यांना खाणारा प्राणी नसल्यामुळे ती वाढली, कोवळी झाडे खाऊन त्यांनी डोंगर उघडे केले आणि १९३० च्या दशकापासून सरकारला ती मारण्यासाठी पगारी माणसे नेमावी लागली. स्कॉटलंडमध्ये लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वीच नाहीसे झाले. तेथेही हरणांची संख्या आवरली नाही, तर नवे जंगल उगवत नाही. मग जे हरीण कोणीतरी मारणारच आहे, ते पाहुण्याने मारले तर बिघडले कोठे? शिवाय मांस वाया जात नाही आणि खेड्यातील चार माणसांना रोजगार मिळतो.

या युक्तिवादात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. कळपाची वाढ रोखावयाची, तर माद्या कमी कराव्या लागतात. स्कॉटलंडमध्ये ते काम प्रामुख्याने हिवाळ्यात, थंडीवाऱ्यात, पगारी माणसे करतात. मादीला शिंगे नसतात. तिच्या मुंडक्यासाठी कोणी सातासमुद्रापलीकडून येत नाही. हौशी शिकाऱ्याला हवा असतो कळपातला सर्वांत देखणा नर आणि त्याला मारल्याने कळपाची वाढ फारशी थांबत नाही. न्यूझीलंडमधील अनेक खाजगी रानांत तर हे नर मोठ्या शिंगांसाठी मुद्दाम पैदास करून कुंपणात राखलेले असतात. उपद्रवी म्हणून ज्याला मारावयाचे, त्यालाच जोपासून वाढवावयाचे, ही गरज नव्हे. हा व्यवसाय होय.

दुसरे उत्तर अधिक बोचरे आहे. "आपण रविवारी मटण खातोच ना? मग उपदेश कशाला?" रानात मोकळेपणी वाढून एका गोळीत कोसळलेले हरीण पिंजऱ्यात अंग वळविण्यासही जागा नसलेल्या कोंबडीपेक्षा सुखी म्हणावे लागेल, हे मान्य केले पाहिजे. या आक्षेपाने आपल्या ताटाकडे पाहण्याची बुद्धी आपल्याला झाली, तर ते चांगलेच. परंतु खाटीक बोकडाच्या प्रेताशेजारी हसत छायाचित्र घेत नाही. त्याची सुरी म्हणजे त्याचे काम आहे, करमणूक नव्हे. भेद मांसात नाही. मृत्यूकडे आपण काय मागतो, त्यात आहे.

पवित्र शास्त्रही हाच भेद करते, असे मला वाटते. अनुवादाच्या ग्रंथात हरीण शुद्ध, खाण्याजोग्या प्राण्यांत गणले आहे. शलमोनाच्या पंगतीला हरणाचे मांस असे. मात्र लेवीयच्या ग्रंथात शिकाऱ्याला आज्ञा आहे की, मारलेल्या जनावराचे रक्त भूमीवर ओतावे आणि मातीने झाकावे. जीव आपला नव्हे, याची ती कबुली होती. जे झाकावयाचे, तेच आज भिंतीवर टांगले जाते. संत थॉमस अक्वायनस यांनी इशारा दिला होता की, प्राण्यांवरील क्रौर्याची सवय माणसांपर्यंत पोहोचते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना शिकारीपासून दूर राहण्यास सांगितले होते आणि गाजावाजाची शिकार तर पूर्णपणे वर्ज्य केली होती. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करते. पण त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरविते. येथे प्रतिष्ठा हरणाची नव्हे, माणसाची म्हटली आहे, हे ध्यानात घ्यावे.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. इ.स. ७२७ मध्ये निवर्तलेल्या या बिशपांविषयी आख्यायिका अशी की, तरुणपणी ते शुभ शुक्रवारी शिकारीला गेले असता पाठलागातले हरीण वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांमध्ये क्रूस झळकला. युरोपात आजही त्यांच्या सणाला शिकारीची शिंगे फुंकली जातात. पण कथेचा गाभा आपण विसरतो. त्या कथेत हरीण मरत नाही. शिकारीच गुडघे टेकतो.

आता आपल्या भागाकडे पाहू. फासेपारधी पिढ्यानपिढ्या तितर, लावे, काळवीट फाशात धरून पोट भरीत आले. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरविण्याचा पायंडा पाडला. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. १९७२ नंतर त्यांचा फासाही गुन्हा ठरला. वन्यजीवांसाठी हा कायदा आवश्यकच होता. पण त्यांच्या चुलीचा विचार तितक्याच तत्परतेने झाला नाही. ज्याने भुकेपोटी हरीण मारले तो कोठडीत जातो आणि ज्याने हौसेपोटी मारले त्याला भिंतीसाठी मुंडके मिळते. देश व कायदे वेगळे असतील. विवेकाचा तराजू मात्र एकच असला पाहिजे. इकडे हरणांचे कळप हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात शिरतात, तेव्हा शेतकरी रात्रभर जागून त्यांना हाकलतो. त्याचे नुकसान खरे आहे. कायद्याने परवानगी मिळून एखादे उपद्रवी जनावर मारावे लागलेच, तर तो त्याला उत्सव म्हणत नाही.

पती-पत्नींनी मिळून करावयाच्या प्रवासाचा आणखी एक अर्थ माजलगावला ठाऊक आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास या परिसरातून हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायकोच्या त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. उचल फिटेपर्यंत त्यांचा संसार कोपीत. हे मी कोणाच्या सुखाला नजर लावण्यासाठी सांगत नाही. कष्टाने मिळविलेल्या पैशातून विसावा घेण्यात पाप नाही. पण एकत्र प्रवासात जोडप्याने काय वाटून घ्यावे, हे विचारण्याचा अधिकार त्या 'कोयत्या'ने आपल्याला दिला आहे. ते कष्ट वाटून घेतात. आपण निदान निर्मळ आनंद तरी वाटून घ्यावा.

म्हणून असा बेत आखणाऱ्या दांपत्याने तिकिटे काढण्यापूर्वी एकमेकांना एक साधा प्रश्न विचारावा. छायाचित्र घ्यावयाचे नाही, मुंडके आणावयाचे नाही, परतल्यावर कोणाला सांगावयाचे नाही, अशी अट असेल तर आपण जाऊ काय? शिंगे वजा केल्यावर त्या डोंगराची चढण, पहाटेचा गारवा, धुक्यातून येणारा हरणाचा हंबर आणि शेजारी आयुष्याचा जोडीदार एवढे सारे उरत असेल, तर बंदूक मुळात लागतच नाही. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिले, त्यांनी पाहिले, ऐकले आणि एक पुस्तक घेऊन परतले. आणि शिंगे वजा केल्यावर काहीच उरत नसेल, तर जे विकत घ्यावयाचे होते ते अरण्य नव्हते, हरीणही नव्हते. तो केवळ आपला अहंकार होता आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या प्राणाने चुकती करण्याचा हक्क आपल्याला कोणीही दिलेला नाही.